चांगल्या लोखंडाला करवत

परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी अजून रोज कुणी ना कुणी उंबऱ्यात टेकतं आणि विचारतं, "मग काय वत्सला, कशी हाय भोसरी? नवऱ्याला तिथंच सोडून आलीस व्हय?" एकाला सांगावं तर दुसरा येतो, आणि जो तो आपल्या पदरचं दोन घालून पुढं नेतो. परवा देवळाजवळ ऐकलं की यांना कंपनीवाल्यांनी कोंडून घातलंय. म्हणून आता लिहूनच ठेवते. सातवी पास बाई आहे मी, अक्षर बरं आहे. ज्याला विचारायचंय त्यानं हे वाचावं, वाचता येत नसेल तर वाचून घ्यावं, पण माझं डोकं खाऊ नये.

आम्ही लोहार. फलटणच्या अलीकडं आमचं गाव आणि भट्टी यांच्या आजोबांपासूनची. हे म्हणजे दत्तोबा. लिहिताना नाव तोंडात घ्यावं लागत नाही म्हणून एकदाच लिहिलं, आता पुढं 'हे'. यांनी सांडशीनं धरायचं आणि मी घण मारायचा, असं अठरा वर्षं चाललं. पण नांगर आता कंपनीतून येतात, खुरपी बाजारात पत्र्याची मिळतात, आणि गेल्या वर्षभरात भट्टी आठवड्यातून एक दिवस पेटली तर पेटली. यांचं वय चाळीस. दुसरं काही जमलं नाही तर साखर कारखान्यावर मोळ्या उचलायच्या, एवढंच उरलं होतं.

अशात दाजींचं पत्र आलं. दाजी म्हणजे माझ्या आक्काचा नवरा, दिघीला राहतात, कारखान्यात कामाला. पत्रात लिहिलं होतं की भोसरीला औद्योगिक वसाहतीत एक शेड आहे, तिथं मोठ्या वयाच्या कारागिरांना फिटरचं काम शिकवतात. सहा महिने. फी नाही. आधी एक आठवडा वीस माणसांची पारख करतात, त्यातली बारा ठेवतात आणि आठ घरी पाठवतात. शिकून बाहेर पडलेल्याला कारखाने घेतात म्हणे.

फुकट म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. माझ्या मामेभावाला असंच कुणीतरी "वेल्डिंग शिकवतो" म्हणून मुंबईला नेलं आणि दोन महिने खानावळीची भांडी घासायला लावली. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून प्यावं माणसानं. हे म्हणाले, "जाऊन बघतो." मी म्हटलं, "तुम्ही बघणार म्हणजे समोरचा जे दाखवील ते बघणार. मी येते." पोरं सासूबाईंपाशी ठेवली आणि निघालो. यांनी पिशवीत दोन धोतरं, एक सदरा आणि आपला हातोडा घातला. हातोडा घेतल्याशिवाय आमच्यातला माणूस गाव सोडत नाही.

रविवार. दापोडीला उतरून चालत

पुण्यापर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही, धूळ आणि उलट्या. पुढच्या शहर बसमध्ये कंडक्टरला मी विचारलं, भोसरीला जायला कुठं उतरायचं. तो म्हणाला, "नाशिक फाटा. बसा, सांगतो मी." त्याचं ते "बसा, सांगतो मी" मला पटलं नाही. तिकीट देताना त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं. दापोडी आल्यावर मी एका बाईला विचारलं, ती म्हणाली भोसरी इकडंच कुठंतरी, आणि मी यांचा हात धरून उतरले. कंडक्टर मागून "ओ मावशी" म्हणत होता तो म्हणतच राहिला. मग काय, नाशिक फाट्यापर्यंत आणि पुढं भोसरीवरून दिघीपर्यंत चालत. हे सबंध वाटेत एक शब्द बोलले नाहीत. त्याचाच जास्त राग आला.

दिघीला आक्काची एक खोली आणि पुढं पडवी. पलीकडं लष्कराची हद्द, तारेचं कुंपण, आणि त्या बाजूनं दिवसा मधूनच धडाम आवाज यायचा. मी दचकायचे, आक्का भाकरी थापत राहायची. तिच्याकडं सगळं घड्याळावर. नळाला पाणी किती वाजता, दाजींची शिफ्ट किती वाजता, कोण झोपणार किती वाजता. आपल्याकडं कोंबडा आरवला की उठतात, इथं भोंगा झाला की. जेवायला पिठलं आणि बाजरीची भाकरी होती. ज्वारी खाणाऱ्या माणसाला ती घशात चिकटते, पण दिवसभर चालून आल्यावर चौथी भाकरीही मी सोडली नाही.

दाजींना मी सरळ विचारलं, "दाजी, यात त्यांचा फायदा काय?"

"कारखान्यांना माणसं पाहिजेत, वत्सलाबाई."

"मग रांगेतली घ्यावीत की. चाळीस वर्षांच्या माणसाला शिकवून त्यांना काय मिळणार?"

दाजी हसले. पुढची भाकरी त्यांनी आपल्या ताटात घेतली.

सोमवार. शेडची पायरी

शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि चार बाजूंना जाळी. आत लांब लाकडी टेबलं, टेबलाला लोखंड आवळून धरायचे व्हाइस बसवलेले आणि प्रत्येक व्हाइसपुढं एक माणूस. सुतार, गवंडी, विणकर, एक तर बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा. सगळे तिशी-चाळिशीचे, शाळेच्या पहिल्या दिवसासारखे गप्प. शिकवणारे साळवी मास्तर रत्नागिरीकडचे, बारीक, खाकी कोट, कानावर पेन्सिल. माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तुम्ही कोण?"

"यांची बायको."

"मग घरी जा. इथं बायकोचं काय काम?"

"मी आत येत नाही. पायरीवर बसते. डबा आणलाय यांचा."

त्यांनी मान हलवली आणि आत गेले. मी आठवडाभर त्या पायरीवर बसले.

पायरीवर आधीच एक म्हातारी बसलेली असायची, सखूबाई. चहा आणि हुलग्याचं माडगं विकायची. पहिल्याच दिवशी तिनं मला वाटीभर माडगं दिलं आणि म्हणाली, "मी कुणाला भीत न्हाई, बाय. ही शेड उभी हाय ना, ते माजं शेत. हितं बाजरी व्हायची. आमी दिलं, त्यांनी घेतलं, आता मी माज्याच बांधावर चा इकते." मी विचारलं, हे लोक खरंच शिकवतात का. ती म्हणाली, "शिकवत्यात व्हय. पर मला इचारू नगंस. चाकणात बबन हाय, कांद्याच्या बाजाराजवळ दुकान हाय त्याचं. हितं व्हता आठ दिस. त्याला इचार." मी ते डोक्यात ठेवलं.

दिवसभर कानस घासायची. एक लोखंडी पट्टी द्यायची आणि ती सपाट करायची, बस्स. ना भट्टी, ना घण. आपल्याकडं लोखंड लाल करून त्याला सांगतात, इकडं वळ, तिकडं वळ. इथं ते थंडच ठेवतात आणि त्यातलं नको ते काढून टाकतात. संध्याकाळी यांचे दोन्ही तळवे सोललेले. घण धरून घट्टे पडलेला हात, तोही सोलला. संध्याकाळी मास्तर सगळ्यांच्या पट्ट्या गोळा करून कपाटात कुलूप लावून ठेवायचे. हे मला आवडलं नाही. ज्याचं काम त्याच्याकडं राहावं, कुलपात कशाला?

बुधवार. करवत

बुधवारी दुपारी पट्ट्या तपासायच्या होत्या. मी जाळीला तोंड लावून बघत होते. मास्तर एकेक पट्टी घ्यायचे, तिच्यावर काटकोन बघायचा गुण्या लावून उजेडाकडं धरायचे, उंचवटा कुठं राहिला ते कळायला सपाट प्लेटवर निळा रंग लावून पट्टी घासून बघायचे, वहीत काहीतरी लिहायचे. तोंडातून शब्द नाही. मग काही पट्ट्या ज्याच्या त्याच्या हातात परत. आणि काही व्हाइसमध्ये धरून करवतीनं मधोमध कापायचे आणि दोन्ही तुकडे गोणीत टाकायचे.

यांची पट्टी कापली.

तुम्हीच सांगा, लोहाराच्या घरात कुठली वस्तू तोडतात? जी बिघडली ती. विळा चुकला, फाळ फुटला, तर तो तोडायचा आणि पुन्हा भट्टीत घालायचा. चांगली वस्तू धन्याच्या हातात अख्खी द्यायची. तीन दिवस हात सोलून केलेली पट्टी कापून गोणीत टाकली, म्हणजे नापास, असंच मी धरलं. यांनीही तसंच धरलं. चेहरा उतरलेला. पाच-सहा जणांच्या हातात अख्ख्या पट्ट्या आल्या, ते बाहेर येऊन एकमेकांना दाखवत होते. बँडवाला तर ती कपाळाला लावत होता.

सखूबाईचं लक्ष नाहीसं बघून मी दाराशी आणून ठेवलेली ती गोणी उघडून बघितली. सगळे तुकडे कापलेले. यांची पट्टी मी लगेच ओळखली, तिच्या कडेला यांच्या अंगठ्याचं रक्त लागलेलं होतं. सूर्यासमोर धरली तर आरशासारखी. मला काही समजेना. ही जर नापास, तर पास कशी असते? मग मनात आलं ते खरं सांगते, मला वाटलं, चांगलं काम करणारा नकोच आहे यांना. ओळखीची माणसं आधीच ठरलेली असणार आणि हा आठवडा नुसता देखावा.

"तसं नसंल," हे म्हणाले. "माझं काहीतरी चुकलं असंल."

"तुमचं काही चुकलेलं नाही. विचारा मास्तरांना."

"ते बोलत न्हाईत."

"मग तुम्ही बोला."

ते हात धुवायला निघून गेले. आमच्यात भांडायचं काम पहिल्यापासून माझं.

गुरुवार. चाकण

भोसरीला सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी कारखान्यांची वीज बंद असते, म्हणून रविवार तिकडं गुरुवारी येतो. हे झोपून राहिले. मी आक्काला घेतलं आणि एसटीनं चाकणला गेले, बबनला शोधायला.

चाकण मला बरं वाटलं. गाव गावासारखं आहे, कारखान्यांची ती घाई नाही. बाजारात कांद्याचे ढीग, वास इतका की डोळ्याला पदर लावूनच चालायचं. आक्कानं भेळ घेतली, तिच्यात कांदाच जास्त. भुईकोट किल्ल्याचा पडका तट लांबून बघितला. जवळ गेलो नाही, माझं लक्ष दुकानांच्या पाट्यांवर होतं.

बबन पोत्यांच्या दुकानात बसला होता, पस्तिशीचा, गालफाडं बसलेली. मी भोसरीचं नाव काढताच त्यानं बसायला पोतं पुढं केलं.

"तिथं जाऊ नका, ताई. मी गेलो होतो. सुताराचा हात माझा, कानस मला काय जड? मास्तरनं माझी पट्टी माझ्या हातात अख्खी दिली. मग शेवटी चौकोनी तुकडा करायला दिला, तोही चांगला केला. आणि शनिवारी म्हणतो, जा घरी. रात्रीतून बदलला त्यानं माझा तुकडा. कपाटाची किल्ली कुणाकडं असते? त्याच्याकडंच ना?"

त्यानं तो तुकडा दाखवला. चिठ्ठ्यांवर वजन म्हणून ठेवला होता. दिसायला छान. टेबलावर ठेवला तर जरा डुगडुगला, एका कोपऱ्यावर. ते मी बघितलं. बघितलं आणि टेबलच वाकडं असेल म्हणून सोडून दिलं. माणसाला जे ऐकायचं असतं तेवढंच त्याला दिसतं, दुसरं काय.

परतताना आक्का म्हणाली, "वत्सला, एकाचं ऐकून लगेच मनात काही धरू नकोस."

"एकाचं नाही, मी माझ्या डोळ्यांनी गोणी बघितलीय," मी म्हटलं.

शुक्रवार. आक्काचा पाटा

दुसरं काम चौकोनी तुकड्याचं. त्याच्या बाजू एकमेकींना बरोबर काटकोनात पाहिजेत आणि माप एक केसही कमी पडता कामा नये. शनिवारी सकाळी तपासणी आणि त्यावरच कोण राहणार, कोण जाणार.

डबा देताना मी यांच्या कानात सांगितलं, "आज तुकडा तिथं ठेवू नका. डब्यात घालून आणा."

"चोरी हाय ती."

"चोरी कसली? तुमचंच काम. बबनचा बदलला, तुमचा बदलणार नाही कशावरून?"

यांनी डबा घेतला आणि आत गेले. संध्याकाळी आले तेव्हा डबा जड होता. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं.

उजेड होता तोवर यांनी तुकडा हातात फिरवून दाखवला. तीन बाजू बरोबर. चौथ्या बाजूला एका कडेनं गुण्याखालून केसभर उजेड दिसतो म्हणाले. तिथं कानशीनं जरा जास्त खाल्लं. आता बाकीची बाजू खाली आणावी तर माप कमी पडतं. तुकडा त्यांनी खाली ठेवला. म्हणाले, "चल वत्सला, उद्या सामान बांधू. कारखान्यावर मोळ्या तर मोळ्या."

यांना असं बोललेलं मी अठरा वर्षांत ऐकलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "कमी पडलंय तर वाढवू. हातोडा कुठाय?"

आक्काचा पाटा पडवीत घेतला. यांनी तुकडा फडक्यात धरला आणि मी हातोडा. कडेकडेनं, हलक्या हातानं, एकाच वजनाचे घाव. फाळाची धार ओढतात तशी. लोखंड थंड असलं तरी ऐकतं, फक्त घाई करायची नाही. कड फुगली, बोटाला खळगा लागेना. मग दगडावर घासून घावांच्या खुणा मोडल्या. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघांनी मिळून काम केलं होतं. हे एकदा माझ्याकडं बघून हसलेसुद्धा. शेवटच्या घावाला आक्काचा पाटा मधोमध तडकला. तिच्या सासूच्या वेळचा. आक्का त्या संध्याकाळी माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

शनिवार

सकाळी तुकडा डब्यातून परत गेला. मी पायरीवर, यांचा हातोडा माझ्या पिशवीत. आतून मास्तरांचा आवाज येत नव्हता, फक्त मधूनमधून करवत. प्रत्येक करवतीला मला वाटे, सुटला एक, गेला बिचारा घरी.

यांची पाळी आली तेव्हा मी उठून जाळीपाशी गेले. मास्तरांनी गुण्या लावला. उजेड नाही. तुकडा जवळ धरून बघितला, बोटाच्या नखानं कड चाचपली, आणि थांबले. मग तो व्हाइसमध्ये धरून त्याच्यावर कानस एकदाच फिरवली. आमची वाढवलेली कड पापुद्र्यासारखी सुटून खाली पडली.

"हे ठोकलंय," मास्तर म्हणाले. "आणि काल हा कपाटात नव्हता."

शेडमध्ये कुणाची कानस हलेना.

"व्हय," हे म्हणाले. "मीच ठोकलं."

मास्तरांनी तुकडा अख्खा यांच्या हातात दिला. "जा घरी."

आता मात्र मला बाहेर उभं राहवेना. मी आत गेले. बायकोचं काम असो की नसो.

"हातोडा माझ्या हातात होता, मास्तर, हाच. यांनी नुसता धरला होता. आणि घरी न्यायलाही मीच सांगितलं. तुम्ही रात्री बदलता म्हणून."

"मी बदलतो?"

"चाकणच्या बबननं सांगितलं. आणि यांची पट्टी आरशासारखी होती, ती तुम्ही कापलीत. नापास माणसाचं काम असं असतं होय?"

मास्तरांनी वही मिटली. मग कोटाला हात पुसत खाली स्टुलावर बसले.

"अहो बाई, कापली म्हणजे पास. पास झालेला तुकडाच मी कापतो. अख्खा ठेवला तर पुढच्या बॅचचा कुणीतरी तोच घेऊन येईल नि माझा म्हणून दाखवील. ज्याचा बिघडला त्याला अख्खा परत देतो, घरी नेऊन बघ म्हणून. बबनला दोन्ही वेळा अख्खा दिला. कळलं नाही त्याला?"

कुणालाच कळलं नव्हतं. बँडवाल्यानं खिशातली पट्टी हळूच बाहेर काढली आणि तिच्याकडं बघत बसला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

"मग सांगायचं तोंडानं," मी म्हटलं. आवाज चढला माझा. "वीस माणसं आठवडाभर जीव टाकतायत आणि तुम्ही मुक्यासारखे. आमच्यात तोडतात ते बिघडलेलं. आम्हाला काय स्वप्न पडणार?"

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढून वहीवर ठेवली. मग म्हणाले, "हे माझं चुकलं. पण ठोकलेलं ते ठोकलेलं. ही कड मशिनमध्ये गेली असती तर चार दिवसांत दबली असती आणि तिच्यावर भिस्त ठेवून काम करणाऱ्याचा हात गेला असता."

"आम्ही लबाडी केली नाही. कमी पडलं तर वाढवायचं, हेच आम्हाला येतं."

"तेच इथं विसरायचंय. इथं गेलं ते गेलं."

हे एक पाऊल पुढं आले. म्हणाले, "मास्तर, एक तुकडा अजून द्या. न्हाई जमला तर मी आपल्या पायांनी जातो."

मास्तरांनी वही उघडली, बुधवारचं पान काढलं, बघितलं. "पट्टी यांचीच सगळ्यात चांगली होती," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "म्हणून तर राग आला." मग उठून एक नवा तुकडा यांच्यापुढं ठेवला. "दोन बाजू, एक काटकोन. पाचच्या भोंग्यापर्यंत. आणि बाई, तो हातोडा घेऊन तुम्ही बाहेर."

मी हातोडा मांडीवर घेऊन पायरीवर बसले. सखूबाईनं चहा पुढं केला, मी घेतला नाही. एवढे दिवस मला यांच्या कानशीचा आवाज वेगळा काढता येत नव्हता, त्या दुपारी येऊ लागला. आधी आखूड आखूड, घावासारखा. मग हळूहळू लांब झाला, एकसारखा. तिथं धरायला दुसरं माणूस लागत नाही, मारायलाही लागत नाही. एकटा माणूस आणि एक तुकडा. यांना हे जमलं तर माझा घण संपला, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि तरीही मी मनातल्या मनात खंडोबाला म्हणत होते की जमू दे.

भोंगा झाला. कानशी थांबल्या. बाकीची माणसं बाहेर पडली, कुणी हसत, कुणी खाली बघत. हे बाहेर आले नाहीत. मास्तर उजेडाकडं धरून बघत असणार. मी हातोड्याच्या दांड्यावरचे चरे मोजत होते.

आणि मग करवतीचा आवाज आला.

सखूबाई म्हणाली, "कापला गं, बाय." मी पदरात तोंड घालून रडले. तीन दिवसांपूर्वी त्याच आवाजाला मी नापास समजले होते.

रविवार. परत

निघण्याआधी आक्काला भोसरीच्या बाजारातून नवा पाटा घेऊन दिला. तो पहिल्यासारखा नाही, असं ती दोनदा म्हणाली. यांना तिथं ठेवून मी एकटीच परत निघाले. एसटीला जाताना शेडवर थांबले, यांचा हातोडा माझ्याकडंच राहिला होता. मास्तर म्हणाले, "न्या तो. सहा महिने इथं नको."

मी विचारलं, "बायांना शिकवता का हो?"

"अजून कुणी विचारलेलं नाही."

"मी विचारतेय."

"वरच्यांशी बोलून बघू."

'बघू' म्हणजे काय, ते कुठल्याही बाईला विचारा. मी तोंड फिरवून निघाले, तर त्यांनी मागून हाक मारली. कपाटातून एक जुना गुण्या काढला, पत्र्याचा, दांडी झिजलेली. "हा टाकून द्यायचा होता. पण बरोबर आहे अजून."

"बरोबर आहे कशावरून?" मी विचारलं.

मास्तर आठवड्यात पहिल्यांदा हसले. टेबलावर पेन्सिलीनं गुण्याच्या कडेनं एक रेघ मारली, गुण्या उलटा केला आणि त्याच जागेवरून दुसरी मारली. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या. "वाकडा असता तर दोन दिसल्या असत्या. बाई, फिटरला संशय पाहिजे. माणसावर नको, मापावर पाहिजे. तुमच्या यजमानांकडं तेवढा कमी आहे. तुमच्याकडं भरपूर आहे, फक्त जागा चुकते."

मी गुण्या पदरात गुंडाळला. पुण्यापर्यंत ते वाक्य चावत आले. या खेपेला कंडक्टरनं सांगितलं तिथंच उतरले.

तर अशी ही भोसरी. यांना कुणी कोंडलेलं नाही. दर आठवड्याला पत्र येतं, त्यात हात कसे आहेत आणि किती तुकडे कापले एवढंच असतं. आमचा ठोकलेला तुकडा मी बरोबर आणलाय. गावातली माणसं तो हातात घेतात, फिरवतात आणि म्हणतात, "केवढा चांगला हाय की. आणि ह्यो नापास? फसवलं गं तुला, चांगला त्यांनी ठेवून घेतला असंल." सासूबाई तर रोज म्हणतात. मी आधी समजावत होते, आता सोडून दिलंय. तीन आठवड्यांपूर्वी मीही तेच म्हटलं असतं.

भट्टी थंड आहे, पण जुना व्हाइस आहे आणि यांची एक कानस आहे. दुपारी जेवणं झाली की मी तो तुकडा व्हाइसात धरते. मापानं तो केव्हाच गेला, बारीक होत चाललाय, पण काटकोन अजून व्हायचाय. गुण्या आधी मी रोज रेघा मारून तपासते. काल तीन बाजूंचा उजेड बंद झाला. चौथीखालून अजून केसभर दिसतो. ज्या दिवशी तो दिसायचा बंद होईल, त्या दिवशी शेजारच्या सुताराकडून लोखंड कापायची करवत आणून मी तो तुकडा स्वतः मधोमध कापणार आहे, आणि एक अर्धा साळवी मास्तरांना पार्सलनं पाठवणार आहे. मग बघू 'बघू' म्हणतात का.